व्हर्जिल सोबोत्काचे कान

ऑस्ट्रँडर कॉलेजच्या मैदानावर सत्तावीस वर्षं लोक सामन्याचा रंग दोन ठिकाणी बघत. एक, उत्तरेकडचा गुणफलक. त्यातले निम्मे दिवे गेलेले असत आणि आठाचा हमखास तीन दिसे. दुसरं ठिकाण म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हर्जिल सोबोत्काचे कान. बगळे पुढे सरकले की ते बिटासारखे लाल व्हायचे, बगळे मार खायला लागले की पांढरेफटक पडायचे. गुणफलक दर दोन वर्षांनी दुरुस्त करावा लागे. कानांना कधी दुरुस्ती लागली नाही.

बगळे म्हणजे कॉलेजचा संघ. इतर कॉलेजांचे संघ अस्वलं, गरुड, बैल असले काहीतरी असतात, ऑस्ट्रँडरचे बगळे. कुठल्याशा जुन्या प्राचार्यांना नदीकाठी एक उभा दिसला आणि तो त्यांना बाणेदार वाटला, एवढंच सांगतात. एका पायावर उभ्या असलेल्या पक्ष्यात त्यांना काय बाणेदारपणा दिसला ते त्यांचं त्यांना माहीत.

व्हर्जिल त्या कॉलेजात शिकलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचं वेड बघून नवख्यांचा तसा समज होतो. तो कुठल्याच कॉलेजात शिकलेला नव्हता. साठ मैलांवरच्या चेक लोकांच्या एका खेड्यात तो वाढला. दहावीत असताना बापाची पाठ धरली, मका काढायला दुसरं कुणी नव्हतं, शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सैन्यात दोन वर्षं, आणि मग नेब्रास्का राज्याच्या वजनमापं खात्यात नोकरी. १९६६ साली निरीक्षक म्हणून तो बायकोला, ल्युसिलला, घेऊन ऑस्ट्रँडरला आला. धान्याच्या कोठारांवरचे ट्रकचे काटे, खाटकाचा तराजू, पेट्रोलचे पंप, सगळं त्याच्या अखत्यारीत. काटा चुकीचा निघाला की तो त्यावर लाल पट्टी लावायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत धंदा बंद. आल्याआल्या तिसऱ्या आठवड्यात त्याने ड्वेन ओट्टेच्या कोठाराच्या काट्यावर लाल पट्टी लावली, ती ऐन कापणीत. गावाशी ओळख व्हायची ती अशी झाली.

फुटबॉलचं, म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून धडका देत पळायच्या अमेरिकन फुटबॉलचं म्हणाल, तर नेब्रास्कातला माणूस जन्मतो तोच राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाच्या लाल संघाचा म्हणून. व्हर्जिलही तसाच. शनिवारी दुपारी तो गॅरेजमध्ये रेडिओ लावून हत्यारांना तेलपाणी करायचा. गावातच, चार गल्ल्या पलीकडे, पोरं खेळताहेत याची त्याला जाणीव होती, पण ती शेजारच्यांचा कुत्रा भुंकतो तेवढीच.

मग १९६८ च्या ऑक्टोबरात मिस्टर फ्लॅनरींनी त्याला बोलावणं पाठवलं. फ्लॅनरी म्हणजे बगळ्यांचे प्रशिक्षक, कॉलेजचे क्रीडाप्रमुख आणि मंगळवार-गुरुवार रसायनशास्त्राचे मास्तरही. पाहुण्या संघाने तक्रार केली होती की ऑस्ट्रँडरची साखळी खोटी आहे.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांमध्ये बांधलेली साखळी असते. शेकडो पोरं हाडं मोडून घेतात ती त्या साखळीच्या भरवशावर. व्हर्जिल पोलादी टेप घेऊन आला, मैदानावर गुडघे टेकून बसला, तीनदा मोजलं.

“तीन इंच लांब आहे,” तो म्हणाला. “कड्या ताणल्या गेल्यात. किती वर्षांची आहे?”

“अकरा.” फ्लॅनरींनी डोक्याला हात लावला. “म्हणजे अकरा वर्षं माझी पोरं दर खेपेला तीन इंच जास्त पळाली?”

“समोरचीही पळाली.”

“समोरच्यांचं मला काय सांगतोस!” फ्लॅनरी म्हणाले. आणि लगेच, “शनिवारी काय करतोस?”

“रेडिओ ऐकतो.”

“आता नाही ऐकायचा.”

असा व्हर्जिल साखळीवाला झाला. साखळीवर चार माणसं असतात, सगळी गावातलीच. दोघे काठ्या धरतात, तिसरा कितवा प्रयत्न आहे त्याचा आकडा धरतो आणि चौथ्याकडे चिमटा. चिमट्याचं काम बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि सगळा हिशेब त्याच्यावर असतो. मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची आडवी पट्टी मारलेली असते. साखळी लावली की चिमटेवाला खाली वाकतो आणि साखळीच्या मधे जी पट्टी येते तिथे साखळीला चिमटा लावतो. पुढे मोजणीची वेळ आली की साखळी उचलून मैदानाच्या मधोमध नेतात, चिमटा त्याच पट्टीवर ठेवतात आणि साखळी ताणतात. चिमटा बरोबर, तर माप बरोबर. आता पट्टी चार इंच रुंद असते. म्हणून नियम असा, की चिमटा नेहमी पट्टीच्या मागच्या कडेला. पुढच्या नाही, मधे नाही, मागच्याच. फ्लॅनरींनी हे एकदा सांगितलं. व्हर्जिलला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आणि तिथे, मैदानाच्या कडेला, त्याचं जे व्हायचं ते झालं.

रेडिओवर फुटबॉल म्हणजे आकडे आणि आरडाओरडा. इथे तीन फुटांवर पोरांचे श्वास ऐकू येत होते. खांद्याला खांदा भिडल्याचा आवाज कणीस मोडल्यासारखा होता. कुणीतरी धडकून पाडलेल्याला हात देऊन उठवत होतं आणि वर “लागलं का रे?” विचारत होतं. बाकामागे एक दांडगा गडी हेल्मेटमध्ये तोंड खुपसून रडत होता, आणि दोन मिनिटांनी तोच गडी मैदानात जाऊन कुणालातरी चेपत होता. राजधानीतला लाल संघ दर शनिवारी जिंकत असे. बगळे त्या वर्षी नऊपैकी सात हरले. व्हर्जिल घरी आला तेव्हा त्याच्या पँटचे गुडघे हिरवे झाले होते, आणि जेवताना त्याने ल्युसिलला चौसष्ट नंबरच्या पोराबद्दल एवढं सांगितलं की चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं कालवण, गार झाली. चिलीबरोबरचे दालचिनीचे रोलही त्याने तसेच ठेवले. ल्युसिलने तेव्हाच ओळखलं.

फक्त एक अडचण होती. साखळीवाल्यांना ओरडता येत नाही. त्यांना पांढरं जाकीट घालतात, ते पंचांची माणसं गणली जातात, आणि दर सामन्याआधी लाइन्समन, म्हणजे त्या बाजूचा पंच, बजावून सांगतो: टाळ्या नाही, बोलणं नाही, हसणंसुद्धा नाही. इतर तिघं थोडंफार निभावून न्यायचे. व्हर्जिलने नियम अक्षरशः पाळला. तोंडात पेपरमिंटची गोळी धरायचा आणि जबडा आवळून उभा राहायचा. सगळं जे आत दाबलेलं असे ते कानांतून बाहेर पडे. १९७९ मध्ये एका पाहुण्या प्रशिक्षकाने पंचांकडे चक्क तक्रार केली, “तो माणूस कानांनी इशारे करतोय!” पंचांनी व्हर्जिलच्या कानांकडे बघितलं, नियमांचं पुस्तक आठवून पाहिलं, आणि खेळ पुढे चालू केला.

दुसऱ्याच मोसमात त्याने ल्युसिलला गळ घातली.

“तू येऊन बस.”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“कळायला नको. माझ्या वाटचं ओरडायला कुणीतरी हवं.”

ल्युसिल म्हणजे पाच फुटांची बाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, हळू बोलणारी. ती सहाव्या रांगेत बसली आणि एका मोसमात सगळं शिकली. कधी ओरडायचं आणि कधी नाही, हे तर आधी शिकली. ते उलटं असतं. चेंडू समोरच्यांकडे असला की गावाने छप्पर उडवायचं, म्हणजे त्यांच्या पोरांना त्यांचे इशारे ऐकू येऊ नयेत. चेंडू आपल्याकडे असला की चर्चसारखं गप्प. चेंडू सुटल्यावर मग काय तो दंगा. पहिल्या दिवशी ती भलत्या वेळी “चला रे पोरांनो!” म्हणाली, तेव्हा पुढच्या रांगेतला ड्वेन ओट्टे वळून म्हणाला होता, “बाई, नवऱ्याने माझा काटा बंद पाडला, तुम्ही आता संघ बंद पाडा.” पुन्हा तिची चूक झाली नाही.

घरी परतताना गाडीत हिशेब व्हायचा.

“दुसऱ्या सत्रात तो उडी मारून झेल घेतला, तेव्हा?”

“दोनदा ओरडले. एकदा माझं, एकदा तुझं.”

“माझं मोठ्याने ओरडलीस ना?”

“शेजारची जागा रिकामी सोडून सरकून बसले बरं का लोक. आणखी किती मोठ्याने?”

“टचडाउनला उशीर झाला तुला.”

“मग स्वतः ओरड.”

सत्तावीस वर्षं. या काळात फ्लॅनरी निवृत्त झाले, वारले. त्यांच्या जागी दोघं येऊन गेले आणि मग बर्निस हेग क्रीडाप्रमुख झाली. ड्वेन ओट्टेचा राग निवळून त्याची जागा थट्टेने घेतली, आणि ती जास्त टिकाऊ ठरली. व्हर्जिलला मूल नव्हतं. दर वर्षीच्या पोरांची नावं, त्यांची गावं, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, सगळं त्याला पाठ असे. पण तो त्यांच्याशी बोलत नसे. चिमटेवाल्याने बोलू नये. ल्युसिलने जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, भाजले की ते कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी ठेवून तो मागच्या मागे निघून जायचा. पोरांना ते कुणी ठेवलेत ते पक्कं ठाऊक असे.

त्याला आयुष्यात दोन गोष्टी हव्या होत्या. तो तोंडाने सांगायचा नाही, पण ल्युसिलला माहीत होत्या. बगळ्यांनी एकदा, डोळ्यांदेखत, लीग जिंकावी. १९५४ नंतर ती जिंकली नव्हती, म्हणजे व्हर्जिल येण्याआधी. आणि दुसरी, आपल्या हातून माप कधी चुकू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

१९९५ च्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी त्या आल्या.

शेवटचा सामना, डनमोर कॉलेजशी. जिंकेल त्याची लीग. सकाळी बारीक पाऊस पडून गेला होता आणि मैदानाच्या कडा चिखलल्या होत्या. अख्खं गाव आलं होतं. ड्वेनने चक्क कोठार बंद ठेवलं होतं, जे त्याने लाल पट्टीशिवाय आयुष्यात एकदाच केलं. दोन मिनिटं उरली तेव्हा डनमोर सतरा, बगळे चौदा, आणि चेंडू बगळ्यांकडे. व्हर्जिलचे कान दुपारभर लाल-पांढरे होऊन आता जांभळट दिसत होते.

तेवढ्यात बगळ्यांनी लांबवर चेंडू फेकला. उंच गेला, कडेकडेने गेला, सरळ व्हर्जिलच्या दिशेने. त्याच्यामागे कर्टिस लूमिस धावत आला. वाळूच्या टेकड्यांकडच्या गुराख्याचं पोर, हाडकुळं, शेवटच्या वर्षाला. त्याने अंग झोकून देऊन झेल घेतला, आतल्या बाजूला पडला आणि घसरत घसरत थेट व्हर्जिलच्या बुटांवर येऊन थांबला. चेंडू छातीशी. चिखलाने भरलेलं तोंड वर करून म्हणाला, “सॉरी, मिस्टर सोबोत्का.”

आणि व्हर्जिल बोलला. कामाखेरीज, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने त्या पोराच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, “वा रे पठ्ठ्या!”

लाइन्समनने ऐकलं. ओमाहाचा माणूस होता, केस पिकलेले, बरीच वर्षं लीगमध्ये. त्याने नुसतं बघितलं आणि नजर वळवली. मेहेरबानी केली म्हणा. साखळी नव्याने लागली. कर्टिस अजून उठत होता, म्हणून व्हर्जिल त्याला वळसा घालून पलीकडे गेला, तीस यार्डांच्या पट्टीशी गुडघा टेकला, चिमटा लावला, उठला. त्याचं हृदय कानात वाजत होतं.

पुढचा पहिला प्रयत्न, चार यार्ड. दुसरा फुकट गेला. तिसऱ्याला बगळ्यांचा धिप्पाड गडी मधून घुसला, ढिगाऱ्याखाली गेला आणि ढिगारा उपसला तेव्हा चेंडू काठीच्या इतका जवळ होता की पंचांनी मोजणीची खूण केली.

लाइन्समन आला, त्याने चिमट्याशी साखळी पकडली. “कुठली?”

“तीसची. मागची कड,” व्हर्जिल म्हणाला. सवयीने म्हणाला. दुसरं काही त्याने कधी म्हटलंच नव्हतं.

साखळी मैदानात गेली. मैदानावर इतकी शांतता, की साखळीच्या कड्या वाजलेल्या ऐकू आल्या. लाइन्समनने चिमटा तीसच्या पट्टीच्या मागच्या कडेला टेकवला. काठीवाल्याने साखळी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या दोन इंच पुढे.

मिळालं! नवे चार प्रयत्न, गोल समोर, घड्याळात वेळ. स्टँड फुटलं. व्हर्जिलने खाली बघितलं, चेहऱ्यावर जे काही फुटत होतं ते लपवायला. आणि त्याला आपल्या गुडघ्याचा ठसा दिसला.

चिमटा लावताना त्याचा उजवा गुडघा नेहमी पट्टीच्या मागे टेकायचा. नेहमी. आज तो खड्डा पट्टीच्या पुढे होता. कर्टिसला वळसा घालून तो पलीकडून आला होता, पलीकडून वाकला होता. चिमटा पुढच्या कडेला लागला होता. मैदानात तो मागच्या कडेला ठेवला, म्हणजे अख्खी साखळी चार इंच मागे सरकली, म्हणजे काठी चार इंच अलीकडे आली. आणि चेंडू काठीच्या पुढे होता दोनच इंच.

ड्वेन ओट्टेचा काटा किती चुकीचा होता? चाळीस पौंड. वीस टनांमागे चाळीस पौंड. ड्वेनने तेव्हा हात जोडले होते, “अरे, कुणाला कळणार आहे?”

ते दहा सेकंद व्हर्जिलने काय केलं हे तो कधी सांगत नाही. आकडेवाल्याने नंतर सांगितलं की त्याने पेपरमिंटची गोळी कडकन चावली. मग तो मैदानात गेला, ज्याची त्याला परवानगी नव्हती, आणि लाइन्समनच्या बाहीला धरलं.

“थांबा. चिमटा पुढच्या कडेला होता.”

“काय?”

“मी चुकलो. पुढच्या कडेला लावलाय.”

लाइन्समनने त्याच्याकडे बघितलं, मग स्टँडकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. “खात्री आहे? विचार करून सांगा.”

“माझा गुडघा बघा तिथे.”

लाइन्समन कडेला गेला, वाकून खड्डा बघितला, परत आला. मुख्य पंचाला हाक मारली. पुन्हा मोजणी. चिमटा चार इंच पुढे सरकला, काठी चार इंच पुढे सरकली, आणि चेंडू उरला दोन इंच मागे.

स्टँडला आधी कळेना. मग कळलं. नऊशे माणसं एका माणसावर ओरडताना कसा आवाज होतो, तो ऑस्ट्रँडरने त्या दिवशी ऐकला. “व्हर्जिल, घरी जा!” “डनमोरने किती दिले रे?” “आता कशाला तोंड उघडलंस, मुक्या!” व्हर्जिल कडेला येऊन उभा राहिला आणि त्या गदारोळात एक आवाज शोधत राहिला. तो नव्हता.

चौथा प्रयत्न. दोन इंच. बगळे मधून घुसले, डनमोरची सगळी पोरं तिथेच पडली, आणि ढिगारा उपसला तेव्हा चेंडू होता तिथेच होता. डनमोर जिंकलं. त्यांच्या प्रशिक्षकाने येऊन व्हर्जिलशी हात मिळवायचा प्रयत्न केला. ते फार वाईट झालं.

परतताना गाडीत नेहमीचा हिशेब झाला नाही. रेल्वेचे रूळ ओलांडल्यावर व्हर्जिल म्हणाला, “तू ओरडली नाहीस.”

“नाही.”

“का?”

“माझ्या वाटचं ओरडायचं, तर तुझ्यावर ओरडावं लागलं असतं,” ल्युसिल म्हणाली. “आणि तुझ्या वाटचं काय ओरडायचं ते मला समजेना.” घर आल्यावर तिने गाडी बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “चार इंच, व्हर्ज! एवढंसं वाकून बघता आलं नाही तुला आधी?” मग त्याच्या मांडीवर हात ठेवला.

गावाने आठवडाभर अबोला धरला. गाव फार वेळ गप्प बसू शकत नाही, हे एक बरं असतं. पुढच्या शनिवारी व्हर्जिल कॉफी प्यायला गेला तेव्हा ड्वेन काउंटरवर बसला होता.

“ये, बस,” ड्वेन म्हणाला. “तिथे नको. चार इंच अलीकडे.”

सगळं हॉटेल हसलं. व्हर्जिल चार इंच सरकून बसला.

“एक सांग,” ड्वेन हळू आवाजात म्हणाला. “एकोणतीस वर्षं मला वाटायचं, तू माझ्यावर खुन्नस काढलीस. परवा कळलं, तू सगळ्यांनाच सारखा छळतोस. बरं वाटलं बघ.” आणि त्याने सफरचंदाच्या पायची, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या जाड पोळीची, बशी त्याच्यापुढे सरकवली. त्यानंतर त्या गावात पायची फोड मागताना कुणी साधं “मोठी दे” म्हणत नाही; “चार इंच दे” म्हणतात.

कर्टिस लूमिसही एकदा घरी आला होता, दारात उभा, टोपी हातात. म्हणाला, “मी तुमच्या बुटांवर पडायला नको होतं.” व्हर्जिल म्हणाला, “मूर्खासारखं बोलू नकोस, तसला झेल मी उभ्या जन्मात बघितला नाही.” ल्युसिलने त्याला कोलाचेंचा डबा दिला आणि दोघंही इतके अवघडले की दोघांना तिनेच एकमेकांपासून सोडवलं.

नाताळच्या आधी व्हर्जिल बर्निस हेगच्या खोलीत गेला आणि चिमटा टेबलावर ठेवला. बर्निस मोठ्या आवाजाची, रोखठोक बाई. तिने तो परत त्याच्याकडे ढकलला.

“मूर्खपणा करू नका. त्या लाइन्समनने लीगला पत्र लिहिलंय. म्हणतो, असा चिमटेवाला त्याने पाहिला नाही. तुम्ही खरं बोललात.”

“नंतर बोललो. आधी चुकलो.”

“माणूस चुकतो.”

“मी का चुकलो ते महत्त्वाचं आहे.” त्याने चिमटा पुन्हा तिच्याकडे सरकवला. “मी त्या पोराला ‘वा रे’ म्हणालो. तेव्हा माझं लक्ष पट्टीवर नव्हतं, त्याच्यावर होतं. तराजूवर बोट ठेवणाऱ्या दुकानदाराला मी बोट मुद्दाम ठेवलं की चुकून, असं कधी विचारलं नाही. पट्टी लावली.”

“म्हणजे तुम्ही स्वतःलाच लाल पट्टी लावताय.”

“मला ते फार आवडतात,” व्हर्जिल म्हणाला, आणि त्याचे कान पेटले. “ज्याला एवढे आवडतात त्याने चिमटा धरू नये.”

तिने चिमटा खणात टाकला.

पुढच्या सप्टेंबरात, मोसमाच्या पहिल्या शनिवारी, व्हर्जिल सहाव्या रांगेत ल्युसिलशेजारी बसला. पांढऱ्या जाकिटाशिवाय तो कुणाचातरी पाहुणा वाटत होता. गुडघ्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. पुढच्या रांगेतून ड्वेनने वळून विचारलं, “काय रे, इथून मोजता येतंय का?”

“गप्प बस आणि खेळ बघ.”

बगळ्यांकडे चेंडू आला. पोरं ओळीत वाकून उभी राहिली. सगळं स्टँड गप्प झालं, नेहमीसारखं. आणि त्या शांततेत, अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं सगळं एकदम वर आल्यासारखा, व्हर्जिल सोबोत्का उभा राहून ओरडला.

“जा रे पोरांनो! जा!”

असा आवाज त्याच्यात आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. डाव्या बाजूचा एक गडी दचकून चेंडू सुटायच्या आधीच पुढे उसळला. शिट्टी. बगळ्यांना पाच यार्डांची शिक्षा.

नऊशे माणसं वळली. नवा चिमटेवालासुद्धा वळला.

“पाच यार्ड!” ड्वेन म्हणाला. “तेव्हा निदान चार इंच होते!”

व्हर्जिल मटकन खाली बसला. “काय झालं?”

“आपल्याकडे चेंडू असताना ओरडायचं नसतं,” ल्युसिल म्हणाली. हसण्याने तिला धड बोलता येत नव्हतं. “सत्तावीस वर्षं तिथे उभा होतास तू!”

“मी कधीच ओरडत नव्हतो. मला काय माहीत, कधी ओरडत नाहीत ते?”

“बरं, आता गप्प. मी सांगते तेव्हाच.”

तिने त्याचा गुडघा घट्ट धरून ठेवला. बगळे पाच यार्ड मागे जाऊन पुन्हा ओळीत उभे राहिले. व्हर्जिलने खिशातून पेपरमिंट काढून तोंडात टाकली आणि जबडा आवळला. कान कडेपर्यंत लाल. चेंडू सुटला, फेकला गेला, वर गेला. तिने हात उचलला.

“हं. आता.”